पन्नास ग्रॅम

गेट्सहेडला जुलैतसुद्धा वारा दात घेऊनच येतो.
टाइन नदीवरून उठतो, स्टेडियमच्या उघड्या अंगाने शिरतो
आणि माझ्या हातातलं पिवळं निशाण
मी न हलवताच हलवतो.

काम साधं आहे. चार गुणिले आठशे, पुरुष, सात देश.
दोनशे मीटर उरले असताना
येणारे ज्या क्रमाने दिसतील,
त्याच क्रमाने थांबलेल्यांना उभं करायचं:
पहिला आतल्या कडेला, त्याला लागून दुसरा.
एरवी मी फेलिंगच्या पोस्टात काउंटरवर असते.
माणसं रांगेत लावायची सवय आहे.

मिरजेला शाळेत मी खो-खो खेळले.
तिथे पाठीवर थाप बसेपर्यंत दबा धरून बसायचं,
खो ऐकला की सुटायचं,
कुणी दिला ते नंतर, दम खाताना कळायचं.
शंभरवाल्यांच्या रिलेतही तसंच,
हात मागे, नजर पुढे.

पण आठशेवाल्यांना मागे वळून बघावंच लागतं.
येणारा संपत आलेला असतो,
आपला हात कुठे आहे हे त्यालाच ठाऊक नसतं.
थांबलेल्याने त्याचा अंदाज घ्यायचा, जपून सुटायचं
आणि मुठीतून बॅटन जवळजवळ काढूनच घ्यायचा.

तिसऱ्या टप्प्यात, पलीकडच्या सरळीवर
दोघांचे पाय एकमेकांत गेले.
प्रेक्षकांनी श्वास आत ओढला, तो इथवर ऐकू आला.
स्पेनचा सावरला.
लिथुआनियाचा तादास पडला
आणि बॅटन घरंगळत गेला लांब उडीच्या वाळूपर्यंत.

ज्याच्या हातून पडला, त्यानेच उचलायचा.
नियमपुस्तकात हे वाक्य एका ओळीत मावतं.
तादास मागे वळून धावला.

इकडे सहा जण आले, सहा जण सुटले:
कोपरं, थुंकी, सहा भाषांतल्या आरोळ्या,
कुणाच्या तरी बुटाचा खिळा माझ्या घोट्याला चाटून गेला.
मग एकदम सामसूम,
आणि लाल रबरावर एकटा ग्विदास.

हाताच्या पंजावर त्याने पेनाने काहीतरी लिहिलं होतं,
घामाने पसरलं होतं. आकडे असावेत.
मी त्याला आत बोलावलं, अगदी पहिल्या लेनमध्ये.
आता क्रम लावायचा तरी कुणाशी?
त्याने मला काहीतरी विचारलं, त्याच्या भाषेत.
मी म्हणाले, "येतोय. येतोय रे."
मराठीत. निघून गेलं तोंडातून.
त्याने मान डोलावली.

तादास आला. गुडघ्यातून पोटरीवर रक्त,
रक्तावर वाळू.
बॅटन पुढे केला, पण सोडेना.
तीन पावलं दोघं एकाच नळीला धरून धावले,
मग ग्विदास एकच शब्द बोलला
आणि बोटं उघडली.

तेवढ्यात पुढे जॅरोचा पोरगा आघाडी घेत होता,
अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं.
या कोपऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, ते बरंच झालं.
तादास गवतावर पालथा पडून
तोंडावर टॉवेल धरून होता.
सत्तर वर्षांची मॉरीन हेडली त्याच्याशेजारी
आपला रेनकोट अंथरून बसली, काही न बोलता.
ग्विदासच्या दोन्ही फेऱ्या मी पाहिल्या.
समोर कुणी नव्हतं, तरी शेवटच्या वळणावर
त्याने दात आवळून वेग वाढवला.
इतका कशाला, देव जाणे.

संध्याकाळी बॅटन गोळा करायचे होते.
बादलीत सातवा टाकताना हाताला पोचा लागला,
आत वाळू खुळखुळत होती.
मी तो तळहातावर तोलला, रोजची खोड.
पन्नास ग्रॅम, किंवा जरा वर.
वजन पत्राचं, आकार पार्सलचा.
याच गोष्टीवरून काउंटरवर
रोज कुणी ना कुणी माझ्याशी भांडतं.